शस्त्राची ठेव

खंडेनवमीच्या दिवशी बंगळूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सकाळपासून कोहळे फुटत असतात. कोहळ्याला छेद देऊन त्यात कुंकू भरायचे, कचेरीच्या प्रवेशद्वारावरून तो ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा. वाहनांच्या चाकांखाली लिंबे ठेवायची आणि ती चिरडून वाहन हातभर पुढे घ्यायचे, असा तेथील आयुधपूजेचा परिपाठ आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत आखली गेली. तेव्हा तेथे नांगराची पूजा होत असेल. आता संगणकांच्या पडद्यांना गंध लागते. ज्याच्यावर पोट चालते ते आयुध, हा या पूजेमागील अर्थ सरळ आहे आणि मला तो आवडतोही. परंतु मुलाच्या घरच्या मुक्कामात ही पूजा पाहताना दरवर्षी एक विसंगती मनात येते. जे मूळचे आयुध, म्हणजे जे मारण्यासाठीच घडवले गेले, ते या पूजेत कोठेच नसते. ते असते फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन २००९ मध्ये याच वसाहतीतील इन्फोसिसच्या आवारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान नेमण्यात आले. बँकेची रोकड वाहणाऱ्या गाडीतून दुनळी बंदूक घेऊन उतरणारा निवृत्त सैनिकही येथील नित्याचे दृश्य आहे. आपल्या वाट्याची हिंसा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून आपण निःशस्त्र राहतो, आणि त्या निःशस्त्रतेला सुसंस्कृतता म्हणतो. हे योग्य आहे की नाही, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर एका खाजगी कारणाने आली.

वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची ठासणीची बंदूक आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या पोलीस ठाण्यात जमा केली. शस्त्रधारक वारला की घरातल्यांनी शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि वारसाला ते हवे असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवाना मागायचा, असा नियम आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाचे म्हणणे असे की, आजोबांची एवढी एकच वस्तू उरली आहे. परवाना घ्यावा आणि बंदूक येथे आणून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावावी. त्याच घरात माझा आठ वर्षांचा नातू राहतो. मुलाचे म्हणणे भावनेचे होते, म्हणून ते टाळण्याजोगे नव्हते. आणि घरात शस्त्र ठेवणे म्हणजे नक्की काय ठेवणे, हा प्रश्न माझ्यासारख्या आयुष्यभर पुस्तकांत रमलेल्या माणसापुढे कधी उभाच राहिला नव्हता.

पुस्तकी माणूस पुस्तकांकडेच वळणार. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो. तिचे कारण सर्वांना ठाऊक असते, तपशील मात्र फारसे कोणी वाचलेले नसतात. विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेले पांडव शस्त्रे शमीवर ठेवतात, त्याआधी प्रत्येक जण आपल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरवतो. मग नकुल झाडावर चढतो, न मोडणाऱ्या आणि पावसाचे पाणी न पोचणाऱ्या जागा निवडतो आणि शस्त्रे घट्ट बांधतो. शेवटी झाडाला एक प्रेत टांगले जाते, जेणेकरून दुर्गंधीने लोकांनी दुरूनच वाट बदलावी. आणि विचारणाऱ्या गुराख्यांना सांगितले जाते की, ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. बंदूक घरी कशी ठेवावी हे सांगणाऱ्या आजच्या कोणत्याही पुस्तिकेत याहून निराळे काही नसते. ती रिकामी करून ठेवा. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा. दमट हवेपासून जपा. आणि मुलांना, पाहुण्यांना, नोकरचाकरांना ती सापडणार नाही असे करा. व्यासांनी चौथ्या गोष्टीसाठी प्रेत वापरले, आपण पोलादी कपाट वापरतो. (प्रेत अधिक परिणामकारक असावे. लपवलेली किल्ली कोठे आहे हे मुलांना ठाऊक नसते, अशी समजूत फक्त आईबापांचीच असते.)

या कथेचा उत्तरार्ध आपण आणखी कमी वाचतो. कौरव विराटाच्या गाई हाकून नेत असतात, समोर सेना उभी असते, आणि अशा वेळी अर्जुन उत्तराला शमीवर चढायला सांगतो. राजपुत्र प्रेताच्या भयाने कचरतो. ते प्रेत नव्हे, धनुष्ये आहेत, हे त्याला समजावून सांगावे लागते. मग तो चढतो, गाठी सोडतो, एकेक शस्त्र उलगडतो आणि हे कोणाचे, ते कोणाचे, असे विचारत राहतो. प्रत्यंचा चढवायची ती त्यानंतर. म्हणजे शस्त्र जितके नीट ठेवलेले, तितके ते ऐन वेळी हाताशी नसते.

घरगुती शस्त्राच्या प्रश्नाचा गाभा माझ्या मते येथे आहे. ज्या कारणासाठी माणूस शस्त्र घरी ठेवतो, नेमक्या त्याच कारणासाठी ते निरुपयोगी होईल अशा रीतीने त्याला ते ठेवावे लागते. मध्यरात्री दार फोडून आत आलेला दरोडेखोर कपाटाची किल्ली सापडेपर्यंत थांबत नाही. हा विरोध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी उघडपणे आला. वॉशिंग्टन शहराच्या कायद्याने पिस्तुलांवर बंदी तर घातली होतीच, शिवाय घरातील अन्य बंदुका रिकाम्या आणि सुट्या करून, अथवा घोड्याला कुलूप घालून ठेवाव्यात असे बंधनही घातले होते. २००८ च्या हेलर खटल्यात न्यायालयाने ही दोन्ही बंधने घटनाबाह्य ठरवली. अशा रीतीने ठेवलेली बंदूक स्वसंरक्षणाच्या कामाची राहत नाही, हा तर्क त्यामागे होता. तो बिनतोड आहे, हे मान्य केले पाहिजे. जो गृहस्थ म्हणतो की मी बंदूक संरक्षणासाठी ठेवतो आणि ती पूर्ण सुरक्षितही ठेवतो, तो या दोहोंपैकी एका बाबतीत स्वतःची समजूत घालत असतो.

मग या दोहोंतून निवड कशी करावी? त्यासाठी शस्त्र कोणाविरुद्ध ठेवले जाते आणि कोणावर उगारले जाते, हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिल्याचे उत्तर नेहमी परका माणूस हेच असते. दुसऱ्याचे उत्तर कर्णपर्वात आहे. कर्णाच्या बाणांनी जखमी होऊन शिबिरात पडलेला युधिष्ठिर भेटायला आलेल्या अर्जुनाला विचारतो, कर्ण मेला का? मेला नाही असे कळताच तो संतापाने अर्जुनाला नाही नाही ते बोलतो आणि गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक म्हणतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची मनातली प्रतिज्ञा होती. तो तलवार उपसतो ती थोरल्या भावावर. श्रीकृष्ण मध्ये पडतो, गोष्टी सांगतो, वडिलांना अरेतुरे करणे हाच त्यांचा वध, अशी पळवाट काढून देतो. अर्जुन तसे बोलतो, आणि बोलल्याच्या पश्चात्तापाने पुन्हा तलवार उपसतो, या खेपेस स्वतःसाठी. तेव्हा कृष्णाला दुसरी पळवाट शोधावी लागते: आत्मस्तुती हीच आत्महत्या. एका दिवसात, एका तंबूत, त्या कुळातील सर्वांत संयमी योद्ध्याच्या हातातले शस्त्र आधी भावावर आणि मग स्वतःवर वळते. शत्रू त्या वेळी कोसभर दूर असतो.

अमेरिकेतील सिॲटल परिसरात केलरमन आणि रे या दोन डॉक्टरांनी घरातल्या बंदुकीने घरातच झालेले मृत्यू तपासून १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वसंरक्षणार्थ झालेल्या प्रत्येक एका मृत्यूमागे त्रेचाळीस मृत्यू अन्य प्रकारचे होते, आणि त्यांतले सदतीस आत्महत्येचे. या गणितावर आक्षेप घेतले गेले आहेत आणि त्यांतला एक मला रास्त वाटतो: बंदूक पाहूनच पळून गेलेला चोर या हिशेबात येत नाही. तरीही कर्णपर्वातला क्रम आणि हा क्रम सारखाच आहे, हे विसरता येत नाही. इब्सेनच्या हेड्डा गाब्लरकडेही वडिलांकडून वारशाने आलेली पिस्तुलेच असतात. ती त्यांच्याशी कंटाळा घालवण्यासाठी खेळते. नाटक संपेपर्यंत त्यांतले एक एका मित्राचा आणि दुसरे तिचा स्वतःचा जीव घेते. चेखॉव्हने लेखकांना सांगून ठेवले आहे की, रंगमंचावर भरलेली बंदूक आणलीत तर ती उडलीच पाहिजे. आम्ही समीक्षक हा नियम वर्गावर्गांतून शिकवत आलो. घर मात्र असे असले पाहिजे की जेथे हा नियम खोटा ठरेल. जेथे बंदूक पहिल्या अंकात दिसेल आणि शेवटच्या अंकापर्यंत उडणार नाही.

येथवरचा विचार वाचून कोणी म्हणेल की, मग शस्त्र घरात नकोच, ते शासनाकडे असावे. इतक्या झटपट तेथे पोचण्याची माझी तयारी नाही. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होती. १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात खुद्द गांधीजींनी, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा म्हणून इतिहासात गणला जाईल, अशा अर्थाचे लिहिले. ज्याला शस्त्र धरताच येत नाही त्याच्या अहिंसेला किंमत किती, हा त्यामागचा प्रश्न होता. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्याची चौकट ठेवली. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नाच्या वरातीतला हौशी गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. या तरतुदी मला योग्य वाटतात. परंतु कायदा शस्त्र मोजतो. ते घरात कसे राहते, हे त्याला बाहेरून फारसे दिसत नाही.

ते दिसण्यासाठी मी कोडगूला गेलो. मुलाच्या कचेरीतील एका कोडव सहकाऱ्याने सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्दसाठी आपल्या घरी नेले. कोडव आणि तेथील जम्मा जमिनीचे धारक यांना इंग्रजी अमदानीपासून परवान्यातून सूट आहे. या सवलतीला आव्हान देणारी याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. केंद्र शासनाने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. जातीवरून आणि जमिनीवरून सूट देणे समतेच्या तत्त्वाशी कसे जुळते, ही शंका मला तेव्हाही होती आणि आजही आहे. पण मी पाहायला गेलो होतो ती बंदुकीची घरातली जागा. तेथे मुलगा जन्मला की एक बार काढतात, माणूस गेला की दोन. भातलावणीच्या दिवसांत सर्व घर शेतात राबत असते, तेव्हा शस्त्रे कन्नि कोंबरे म्हणजे देवघरात ठेवून द्यायची, अशी परंपरा आहे. लावणी संपली की कैलपोळ्दला ती बाहेर निघतात, पुसली जातात आणि प्रत्येक नळीला एक फूल खोचले जाते. त्या फुलाला तेथे तोक पू, म्हणजे बंदुकीचे फूल म्हणतात. ते मी ओळखले. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात कुंपणावर फुलते ती कळलावी. घराघरांत भांडणे लावणाऱ्याला मराठीत जे नाव आहे, तेच नाव असलेले फूल बंदुकीच्या तोंडात! कोडवांना हा श्लेष ठाऊक असण्याचे कारण नाही.

त्या घरात मला जाणवले ते हे की, बंदूक तेथे कोणा एकाची नव्हती. ती घराण्याची होती, तिला जन्ममृत्यूची कामे होती, आणि वर्षाचा काही काळ ती देवाच्या स्वाधीन होती. आपल्या मालकीच्या कल्पनेत वस्तू केव्हाही वापरण्याचा हक्क येतो. येथे तो हक्क काळाने बांधलेला होता. शमीवरची शस्त्रेही तेरावे वर्ष संपेपर्यंत अशीच बांधलेली होती. शस्त्र ही मालमत्ता नसून ठेव आहे, आणि ज्यांना तिच्यापासून इजा होऊ शकते त्या सर्वांच्या वतीने आपण ती सांभाळतो, अशी काहीशी समजूत घेऊन मी इलेक्ट्रॉनिक सिटीला परतलो. मुलाला होकार द्यावा असेही मनात आले.

तो होकार अडला रामायणातल्या एका कथेपाशी. अरण्यकांडात राम शस्त्रसज्ज होऊन दंडकारण्यात निघतो, तेव्हा सीता त्याला ती सांगते. एका तपस्व्याची तपश्चर्या मोडावी म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेषात येतो आणि आपली तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून देतो. तपस्वी प्रामाणिक. ठेव हरवू नये म्हणून तो तलवार सतत जवळ बाळगतो. कंदमुळे आणायलाही तिच्याशिवाय जात नाही. हळूहळू त्याचे चित्त क्रूर होते आणि अखेर तो नरकाला जातो. या कथेत तपस्व्याकडून निष्काळजीपणा घडत नाही, हे तिचे भयंकर वैशिष्ट्य आहे. त्याचा नाश काळजीनेच केला. रामही सीतेला उत्तर देतो: आर्तांचा आक्रोश उठू नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि वाल्मीकी दोघांनाही बोलू देतात. मी ठेवीच्या कल्पनेवर विसावू पाहत होतो, आणि सीतेने तीच ठेव माझ्यापुढे अशी ठेवली होती.

मला वडील आठवले. ठासणीच्या बंदुकीचे एक असते: नळीत दारू, बोळा आणि छर्रे गजाने ठासले की ती पुन्हा रिकामी करणे फार किचकट काम, सोपा मार्ग एकच, बार काढणे. म्हणून पुष्कळ घरांत ती ठासलेलीच कोपऱ्यात उभी असते, आणि हे अत्यंत धोक्याचे आहे. वडील ती घरात कधी ठासत नसत. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. भाताला दाणा धरला की रानडुकरांना पिटाळण्यासाठी ते रात्री मांगरावर जात, तेथे ठासत, आणि रात्रभर गरज पडली नाही तर पहाटे बांधाच्या चिखलात बार काढून घरी येत. पहाटेचा तो आवाज ऐकला की आई चुलीवर चहाचे आधण ठेवी. नळी ठासलेली असतानाही चापाखालची तांब्याची टोपी ते लावून ठेवत नसत. टोप्यांचा डबा सदऱ्याच्या खिशात असे. टोपीवाचून ठासलेली बंदूक उडत नाही.

एका रात्री मांगराखालच्या भातात सळसळ झाली. वडिलांनी बंदूक उचलली, रोखली, आणि टोपी काढण्यासाठी खिशात हात घातला. डब्याचे झाकण घट्ट बसले होते. तेवढ्या अवधीत सळसळ खोकली. ते माझे काका होते. पाट फुटला म्हणून पाणी अडवायला आले होते. वडिलांनी ही गोष्ट मला काका वारल्यानंतर सांगितली, काकांना त्यांनी ती कधीच सांगितली नाही.

कपाट, कुलूप, उतरवलेली प्रत्यंचा, खिशातली टोपी, शमीची उंची, या सर्वांतून खरोखर जे साठवले जाते तो वेळ असतो, हे मला त्या गोष्टीने शिकवले. इच्छा आणि बार यांच्यामध्ये काही क्षण ठेवून देणे, एवढेच सुरक्षिततेचे काम. कृष्णाने तंबूत गोष्टी सांगितल्या त्याही त्या क्षणांसाठीच. हेलर खटल्यात जो विलंब दोष ठरला, त्याच विलंबात माझे काका आणखी तीस वर्षे जगले. हाच विलंब कोणा दुसऱ्या घरी घातक ठरू शकतो, आणि जो शस्त्र ठेवतो त्याने ही शक्यता डोळे उघडे ठेवून पत्करली पाहिजे. तिला पर्याय म्हणून मिळणारी तत्परता अधिक महाग पडते, असे मला वाटते.

परंतु वडिलांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि तिच्यात सीतेचा तपस्वी आहे. त्या रात्रीनंतर त्यांनी बंदूक सोडली नाही. मांगरावर अंधारात बसून ते डबा उघडण्याचा सराव करू लागले. झाकणाला तेल लावले. काही महिन्यांत न पाहता, एका हाताने, श्वास घेण्याइतक्या वेळात त्यांना टोपी चढवता येऊ लागली. का, असे मी विचारले. ते म्हणाले, “हाताला लागलेली सवय आहे बाबा, ती काही विचारून लागत नाही.” सांभाळणाऱ्याचा हात सांभाळण्याच्या साधनाला सरावतो आणि ठेवून दिलेला वेळ झिजत जातो. पोलादी कपाटाचे आकडे जुळवणारी बोटेही अशीच सरावत असतील. ठेव सुरक्षित राहते. ठेवणारा तसाच राहील याची हमी कोणता नियम देणार?

परवान्याचा अर्ज मी आणून ठेवला होता. शस्त्र कशासाठी हवे, असे त्यात एका जागी विचारलेले असते. वडिलांच्या अर्जात तेथे शेतीसंरक्षण असे लिहिलेले होते. आमची शेती आता पडीक आहे. रानडुकरे तेथे निर्वेध हिंडतात आणि त्यांच्यापासून वाचवण्यासारखे काही उरलेले नाही. संरक्षण लिहावे तर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या अकराव्या मजल्यावर कोणापासून, हे मला सांगता येईना. स्मृती असे लिहिण्याची सोय त्या अर्जात नव्हती. मी ती जागा कोरी ठेवून अर्ज मुलाकडे दिला आणि वाटल्यास तू भर म्हणालो. त्याने तो दोन दिवस टेबलावर ठेवला, नंतर खणात टाकला. विजयादशमीला नातवाला मी शमीची गोष्ट सांगितली. त्याने धनुष्यांबद्दल काही विचारले नाही. ते प्रेत कोणाचे होते, आणि त्याला नंतर झाडावरून कोणी उतरवले का, एवढेच तो विचारत राहिला.